झेल न पाहिलेला माणूस

सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला आहे. आईने विचारलं, जमिनीवर का पडलायस, तर व्यायाम म्हणून सांगितलं.) तुझी तब्येत कशी आहे, पाठ दुखायची थांबली का, बाळ रात्री झोपतं की आपल्या घराण्याला शोभेल असं वागतं, ते सगळं सविस्तर कळव. भावजींची तब्येत विचारत नाही, कारण त्यांची उत्तमच असते, बिघडते ती त्यांच्या आजूबाजूच्यांची. इकडे आई ठीक, बाबा ठीक. मीही ठीक आहे असं सगळ्यांना सांगायचं घरात ठरलं आहे.

तू दर फोनला विचारतेस की भाचीला बघायला कधी येणार, आणि मी दर वेळी सराव चालू आहे म्हणून सांगतो. त्यावर तू ‘बरं’ म्हणतेस. तुझं ते ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो, त्यात बरं असं काही नसतं. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्रात समोरच्याला मधे बोलता येत नाही, आणि तुझ्याशी बोलताना ही सोय मला जन्मात कधी मिळालेली नाही.

अंतिम सामन्यात माझ्या हातून झेल सुटला हे तुला माहीत आहेच. (ज्याला माहीत नाही असा माणूस भेटला तर काय होतं, ते पुढे येणार आहे. घाई करू नकोस.) इतकी वर्षं खेळतोय, त्यात मी झेल किती घेतले ते मलाही सांगता येणार नाही, आणि विचारावं तर कुणी लक्षात ठेवलेले नाहीत. हा एक मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. चेंडू वर गेला, मी खाली उभा राहिलो, चेंडू हातात आला आणि हातातून गेला. शिंकायला लागतो तेवढा वेळ. पण टीव्हीवाल्यांनी तो इतक्या बाजूंनी आणि इतक्या सावकाश दाखवला की माझ्या कानामागे तीळ आहे हे आईला सुद्धा त्या दिवशी कळलं. एका तज्ज्ञांनी माझ्या कोपराभोवती लाल गोल काढला. दुसऱ्यांनी गुडघ्याभोवती. तिसरे म्हणाले, दोष मनात आहे, पण मनाभोवती गोल कुठे काढायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी टोपीभोवती काढला. मीही टीव्हीसमोर बसून टोपीकडे बघत राहिलो. आपले घरचे ‘झेल सुटला’ म्हणतात आणि बाहेरचे ‘सोडला’ म्हणतात, एवढं मात्र माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाबा या विषयावर काहीच म्हणत नाहीत, त्यामुळे ते कुठल्या बाजूचे आहेत ते अजून कळायचं आहे.

खरी गंमत पुढे आहे. ताई, त्या दिवसापासून लोक माझ्या अंगावर वस्तू टाकतात. रागाने नाही, अगदी प्रेमाने. वाणी साबण हातात देत नाही, ‘हं, घ्या’ म्हणून लांबून टाकतो. औषधवाला खोकल्याची बाटली टाकतो. बँकेतल्या बाईंनी माझं पासबुक काचेच्या वरून टाकलं, आणि मागची रांग श्वास रोखून बघत होती. दाताच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं करून, तोंडात कापूस कोंबून, झेल घेताना हात कसे सैल ठेवायचे ते समजावून सांगितलं. मी काही बोललो की ते ‘दुखतंय का’ विचारायचे, हो म्हटलं की पुन्हा झेलावर यायचे. जाताना त्यांनी माझा उपटलेला दात कागदात गुंडाळून दारातून माझ्याकडे टाकला. तो मी घेतला. स्वतःचाच दात आहे म्हटल्यावर माणूस जरा जपून असतो.

मला राग येत नाही, कुतूहल वाटतं. या लोकांना मी वस्तू झेललेली बघायची असते की सांडलेली? म्हणून मी बघायचं ठरवलं. वाण्याने टाकलेला साबण एका हाताने झेलला, तर त्याचं तोंड उतरलं. पुढच्या खेपेला मुद्दाम सोडला, तर तो गल्ला सोडून बाहेर आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, ‘होतं असं, मनाला लावून घ्यायचं नाही’ म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा वरून दिला (हातात दिला, टाकला नाही). तेव्हापासून मी वाण्याकडे सोडतो आणि औषधवाल्याकडे झेलतो, कारण त्याच्या बाटल्या काचेच्या असतात. आईने मात्र आजवर काही टाकलेलं नाही. फक्त मला चहा हल्ली स्टीलच्या पेल्यात येतो. बाबांना कपात, मीटर बघायला आलेल्या माणसालाही कपात. विचारलं तर म्हणाली, स्टीलमध्ये गरम राहतो.

आता हॉस्पिटलातली गोष्ट, जी तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा झोपली होतीस. नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं आणि मामा कोण म्हणून विचारलं. मी पुढे झालो, हात पुढे केले. तेवढ्यात भावजी म्हणाले, याच्याकडे नको हं, हा सोडतो. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो आणि हसता हसता दोन्ही हात खिशात घातले. भावजींच्या मनात काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यांच्या मनात सहसा काही नसतंच. पण ताई, त्यानंतर मी तुझ्याकडे फिरकलो नाही. सराव-बिराव सगळं खोटं आहे. सरावात माझ्या हातून एकही चेंडू सुटत नाही. चेंडू पडला तर पडला, गवतावर पडतो. मला तुझ्या मुलीची भीती वाटते. नीट सांगायचं तर तिच्याजवळ गेल्यावर माझ्या हातांची भीती वाटते. लिहिलं बुवा एकदाचं. आता पुढचं ऐक.

संघाने माझ्यासाठी मनाच्या एक डॉक्टरीणबाई नेमल्या आहेत. बाई चांगल्या आहेत, काही टाकत नाहीत. त्यांनी उपाय असा सांगितला की सुटलेल्या झेलाची चित्रफीत रोज सकाळी चहाबरोबर बघायची, इतकी बघायची की कंटाळा आला पाहिजे. मी बघायला लागलो. (आई त्या वेळी मुद्दाम मिक्सर लावते.) पण मला कंटाळा येईना, कारण थोड्याच दिवसांत मी माझ्याकडे बघायचं सोडून मागच्या लोकांकडे बघायला लागलो. सीमारेषेच्या मागे बसलेले ते लोक इतके मजेशीर आहेत म्हणून सांगू. चेंडू वर असताना सगळ्यांचे आ वासलेले. चेंडू सुटला की सगळ्यांचे हात डोक्यावर. एका काकांनी तर गडबडीत शेजारच्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवलेत आणि त्या बाईंना त्याचा पत्ताच नाही. पण त्या सगळ्या गर्दीत एक माणूस मान खाली घालून बसलेला आहे. चेंडू वर असताना मान खाली, सुटला तरी मान खाली. मांडीवर डबा आहे आणि तो त्याचं झाकण उघडायचा प्रयत्न करतोय. अख्खं मैदान छाती बडवतंय, आणि हा झाकणाशी झटतोय.

ताई, मला त्या माणसाने वेड लावलं. सगळ्या जगात हा एकच इसम असा, ज्याने माझा झेल सुटताना पाहिला नाही. त्याला भेटायचंच असं माझ्या मनाने घेतलं. भेटून करायचं काय, ते ठरलं नव्हतं. फोटो स्टुडिओवाल्याकडून ते चित्र मोठं करून घेतलं. (त्याने माझा फोटोही मोठा करून फुकट देऊ केला, नको म्हटलं.) त्या माणसाच्या खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं चिन्ह होतं, आणि नशीब बघ, आपल्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्याच कंपनीकडे. सरळ त्यांच्या कचेरीत जाऊन चौकशी करता आली असती हे मलाही कळतं. पण माझं हे तोंड घेऊन तिथे जायचं आणि विचारायचं, की तुमच्यापैकी माझा झेल न पाहिलेला कोण? तिथे दहा जणांनी बोल्ट आवळायचे दहा पाने फेकून दाखवले असते. म्हणून मी डोकं चालवलं. आवाज बदलून फोन केला की आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली आहे, कुणाला तरी पाठवा.

इथे माझं एक चुकलं. त्या लोकांचा असा शिरस्ता आहे की तक्रार आली की काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय माघारी जायचं नाही. लिफ्ट ठणठणीत आहे असं वर सांगितलं तर साहेब म्हणतो, मग तू गेलास कशाला. पहिला आला तो माझा माणूस नव्हता. त्याने खालीवर चार फेऱ्या मारल्या, बिघाड सापडेना, तेव्हा कुठलातरी एक बोल्ट आवळला आणि पाना माझ्याकडे टाकून निघून गेला. मी पुन्हा फोन केला. दुसरा आला, तोही नव्हे. त्याने पहिल्याने आवळलेला बोल्ट सैल केला आणि दाराच्या पट्टीला ठोकलं. तिसऱ्याने दुसऱ्याला शिव्या घातल्या आणि एक वायर बदलली. त्यानंतर आपली लिफ्ट मजल्याच्या गुडघाभर वर थांबायला लागली. सेक्रेटरीकाका (तेच, जिन्यात सायकल ठेवली म्हणून तुला रडवणारे) रोज बाजाराची पिशवी आधी खाली सोडून मग स्वतः मांडी घालून उतरतात. मी दारात उभा राहून फार हळहळायचो. शेवटी एके सकाळी लिफ्ट खरोखरच मधेच अडकायला लागली, या वेळी फोन दुसऱ्याच कुणीतरी केला, आणि दारात तो उभा.

मी त्याला मानेवरूनच ओळखलं. मान खाली घालायची सवयच आहे त्याला. तो म्हणाला, कुठे अडकते ते बघायला बरोबर चला, तुम्ही रोजचे. मी उडी मारून आत. तिसऱ्या मजल्याच्या वर गेलो आणि लिफ्ट थांबली ती थांबलीच. दिवा गेला. त्याने बॅटरी लावली, एका भिंतीशी तो टेकला, दुसऱ्या भिंतीशी मी, आणि त्याने गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, मैदानावर असतो. तो म्हणाला, माळी का? ताई, मी हो म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला गवताला पाणी कधी घालायचं तेही सांगितलं.

मग तोच म्हणाला, तुम्ही मैदानावरचे, तर एक सांगा. आमच्या साहेबांनी एकदा तिकीट दिलं होतं, अंतिम सामन्याचं. मला खेळातलं कळत नाही, पण फुकट होतं म्हणून गेलो. बायकोने डबा दिलेला, झाकण असं घट्ट बसलं होतं की निघता निघेना. मी त्याच्याशी झटतोय, आणि एकदम ही आरडाओरड. मला वाटलं आपण जिंकलो. मी उठून टाळ्या वाजवल्या. शेजारचे असे अंगावर आले की डबा घेऊन पळालो. त्या दिवसापासून कुणाला विचारायची चोरी झाली आहे. तेव्हा नक्की झालं काय होतं?

आता बघ, मला झेलाबद्दल सगळ्यांनी सांगितलं आहे. वाण्याने सांगितलं, दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्यांनी उभ्या जन्मात चेंडू हातात धरला नाही त्यांनी सांगितलं. पण काय झालं ते सांग, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. म्हटलं, उंच चेंडू होता. खाली एक खेळाडू उभा होता. त्याच्या हातात आला आणि सुटला, आणि सामना गेला. मला वाटलं आता हाही हात सैल ठेवायचं सांगणार. पण त्याने विचारलं, इतक्या उंचावरून आला म्हणजे त्याला लागलं असेल ना?

ताई, मला लागलं होतं. करंगळी अशी सुजली होती की पुढचे कितीतरी दिवस शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. कोपराभोवती गोल काढले, गुडघ्याभोवती काढले, टोपीभोवती काढले, करंगळीभोवती कुणी काढला नाही, आणि मीही कुणाला दाखवली नाही. सामना घालवणाऱ्याने कोणत्या तोंडाने करंगळी दाखवायची? मी म्हटलं, हो, करंगळीला लागलं होतं त्याच्या. तो म्हणाला, अरेरे. एवढंच. आणि मला रडू आलं. अगदी नाक गळेपर्यंत रडलो. बॅटरी त्याने छताकडे धरली होती म्हणून बरं. त्याला वाटलं, मी बंद जागेला घाबरलो. म्हणाला, घाबरू नका साहेब, लिफ्ट पडत नसते, ती फक्त थांबते.

मग त्याने छताची झडप उघडली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि माझ्या हातात ठेवला. वर ग्रीस उडतं म्हणाला. चांगला जाड भिंगांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली, म्हणजे दुसरा नसणारच. ‘नीट धरा’ म्हणाला नाही, ‘सांभाळा’ म्हणाला नाही, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या हातात ठेवला आणि वर चढून गेला. मी ओंजळीत तो चष्मा घेऊन उभा. सुरुवातीला हात कापत होते, खोटं कशाला सांगू. मग वर तो काय करतोय याचं मला कुतूहल वाटायला लागलं, मी मान वर करून हे कसलं, ते कसलं विचारायला लागलो, तोही एकेक सांगायला लागला. मध्येच खाली बघितलं तर हात अगदी शांत होते.

लिफ्ट सुरू झाली, खाली आली. दारात सेक्रेटरीकाका उभेच. मला बघून म्हणाले, वा खेळाडू, लिफ्ट तरी सोडली नाहीस ना? माझा लिफ्टवाला त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याने माझ्या हातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर माझी करंगळी. उलटसुलट करून बघितली. ‘उतरलीय सूज,’ म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

असो. पत्र फार लांबलं. बाळाला अनेक आशीर्वाद. भावजींना नमस्कार सांग आणि माझा त्यांच्यावर राग नाही हेही सांग. नको, सांगू नकोस, राग कशाबद्दल म्हणून विचारत बसतील.

तुझा धाकटा,
बारक्या

ता. क. लिफ्टचं आईबाबांना कळू देऊ नकोस. खोटे फोन कुणी केले ते शोधायला सेक्रेटरीकाकांनी एक समिती नेमली आहे आणि मी तिच्यात आहे. मी फार कसून तपास करतो आहे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी एवढं लिहिलं ते राहूनच गेलं. मी येतो. पण मी आलो की भावजींना काहीतरी आणायला बाहेर पाठव. लवकर सापडणार नाही असं काहीतरी सांग. मग बाळ माझ्या हातात दे आणि तुझी तू आत निघून जा. ‘मान धर’ एवढं सांगितलंस तरी चालेल, कारण ते मला खरंच ठाऊक नाही. बाकी काही बोलू नकोस. ‘घाबरू नकोस’ तर मुळीच म्हणू नकोस. दाराआडून बघू नकोस, तू बघतेस ते मला कळतं. मी खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून बसेन.

ता. क. शेवटचा. टपालात टाकायला निघालो होतो, पण तुझी पत्रं भावजी आधी फोडतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून स्वतःच घेऊन येतो आहे. तुझ्या हातात देईन आणि स्वयंपाकघरात जाऊन वाच म्हणेन. तेव्हा तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेला असेन. भावजींना मीच बाहेर पिटाळलेलं असेल. हात साबणाने धुतलेले असतील. तू पत्र वाचायला नेहमी फार वेळ लावतेस, ताई. आण तिला.